एचआयव्हीचे वाण आणि पेशींची द्वारे : एका शोधाचा इतिहास (१९८३–१९९६)

(१)

एड्स या रोगास कारणीभूत होणारा विषाणू १९८३ मध्ये संशोधकांच्या हाती लागला. तो मानवी पेशीवरील ज्या प्रथिनाला प्रथम चिकटतो, ते सीडी-४ नावाचे प्रथिन पुढच्याच वर्षी ओळखले गेले. तथापि पेशीच्या आत शिरण्यासाठी त्याला जे दुसरे प्रथिन लागते, त्याचा उलगडा होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. मधल्या बारा वर्षांत विषाणूच्या जनुकांचा क्रम लावला गेला, रक्ततपासणीची पद्धत प्रचारात आली, औषधे निघाली आणि लशींचे प्रयोगही सुरू झाले. एवढ्या वेगाने चाललेल्या संशोधनात हा एकच दुवा इतका काळ का निसटत राहिला, हा विज्ञानाच्या इतिहासकाराला पडणारा स्वाभाविक प्रश्न होय.

या प्रश्नाचे उत्तर केवळ साधनांच्या अपुरेपणात शोधून भागत नाही. एचआयव्हीच्या निरनिराळ्या वाणांना शरीरातील प्रतिकारक पेशी निरनिराळा प्रतिसाद देतात, ही गोष्ट १९८६ पासूनच प्रसिद्ध झालेली होती. परंतु जो वाण प्रयोगशाळेत सहज वाढे तोच सर्व विषाणूंचा प्रतिनिधी मानण्याची प्रथा पडली आणि इतर वाणांचे वेगळेपण ही प्रयोगातील अडचण समजली गेली. ही प्रथा कशी रूढ झाली, तिचे मोल कोणाला द्यावे लागले आणि ती मोडल्यावर काय हाती आले, हे कालक्रमाने पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

(२)

जून १९८१ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथील पाच तरुणांना झालेल्या एका असाधारण फुप्फुसदाहाची नोंद प्रसिद्ध झाली. अशा रुग्णांच्या रक्तात साहाय्यक टी-पेशींची संख्या फार घटलेली असते, हे त्याच वर्षी दिसून आले. साहाय्यक टी-पेशी या प्रतिकारक यंत्रणेच्या सूत्रधार होत. त्यांच्या संदेशावाचून इतर पेशींचे कार्य नीट चालत नाही. म्हणून रोगाचे कारण या पेशींना ग्रासणारे काहीतरी असावे, असा तर्क प्रारंभीच बांधला गेला. मे १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील फ्रांस्वाझ बारे-सिनुसी, ल्यूक माँतान्ये व त्यांचे सहकारी यांनी एका रुग्णाच्या लसीकाग्रंथीतून विषाणू वेगळा केल्याचे जाहीर केले. एचआयव्ही हे नाव १९८६ मध्ये रूढ झाले. सोयीसाठी येथे तेच नाव सर्वत्र वापरले आहे.

विषाणूचा अभ्यास करावयाचा तर तो विपुल प्रमाणात हवा. रक्तातून काढलेल्या लसीकापेशी काचपात्रात थोडे आठवडेच टिकतात, आणि त्यातही हा विषाणू त्यांना मारून टाकतो. त्यामुळे वारंवार नव्या रक्तदात्यांच्या पेशी घालीत राहणे भाग पडे. या अडचणीवर रॉबर्ट गॅलो यांच्या बेथेस्डा येथील प्रयोगशाळेत मिकुलास पोपोविच यांनी मार्ग काढला. रक्ताच्या कर्करोगातून उत्पन्न झालेल्या व अखंड विभागत राहणाऱ्या टी-पेशींच्या वंशावर त्यांनी विषाणू वाढविला. १९८४ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले आणि विषाणूचे पीक मुबलक निघू लागल्यामुळे १९८५ मध्ये रक्ततपासणी उपलब्ध झाली. असंख्य रुग्णांना दूषित रक्तापासून वाचविणाऱ्या या सोयीचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु या सोयीत एक निवड लपलेली होती. बहुतेक रुग्णांच्या रक्तातील विषाणू अशा पेशीवंशावर वाढतच नसत; जे थोडे वाढत तेच जतन होत आणि तेच प्रयोगशाळा-प्रयोगशाळांतून वाटले जात. अशा जोमदार वाणाची शक्ती किती असते, याचे उदाहरण याच काळात घडले. पाश्चर संस्थेत एका रुग्णापासून मिळालेला एलएआय नावाचा वाण नकळत दुसऱ्या संवर्धनात शिरला व तेथील मूळ विषाणूवर मात करून बसला. तेथून पाठविलेल्या नमुन्याबरोबर तो अमेरिकेत गेला आणि तेथील संवर्धनातही त्याने तेच केले. दोन्ही देशांतील प्रख्यात वाण मुळात एकच होते, हे १९९० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले. शोधाच्या श्रेयाविषयी जो वाद त्यावरून झाला तो सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, जगातील मोठ्या संशोधनाचा पाया काचपात्रातील स्पर्धेत जिंकलेल्या एका वाणावर घातला गेला.

(३)

डिसेंबर १९८४ मध्ये इंग्लंडमधील अँगस डॅल्ग्लिश व रॉबिन वाइस यांच्या गटाने आणि फ्रान्समधील डेव्हिड क्लात्समान यांच्या गटाने, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, सीडी-४ हे विषाणूचे ग्राही प्रथिन असल्याचे दाखविले. साहाय्यक टी-पेशींच्या पृष्ठभागावर हे प्रथिन असते. विषाणूच्या आवरणावरील जीपी-१२० हे प्रथिन त्याला जाऊन चिकटते. रोगात याच पेशी का नष्ट होतात याचे उत्तर मिळाल्यासारखे झाले.

हे उत्तर अपुरे आहे, हे दोनच वर्षांत कळून आले. रिचर्ड अॅक्सेल यांच्या प्रयोगशाळेत मानवी सीडी-४ चे जनुक उंदराच्या पेशींत घालण्यात आले. विषाणू त्या पेशींना चिकटला. मात्र आत शिरू शकला नाही. तेच जनुक मानवी पेशींत घातले असता संसर्ग झाला. याचा अर्थ मानवी पेशीत असे आणखी काहीतरी आहे जे उंदराच्या पेशीत नाही, असा होतो. हे ‘आणखी काहीतरी’ अनेकांनी शोधले, अनेक प्रथिनांची नावे पुढे आली आणि एकामागून एक मागे पडली.

या शोधात खरी वाट दाखवू शकेल असा पुरावा त्याच वर्षी दुसरीकडे जमू लागला होता. १९८६ मध्ये सुझान गार्टनर, पोपोविच व सहकारी यांनी मॅक्रोफेज म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाभक्षक पेशींवर विषाणू वाढविले. या पेशी ऊतकांत राहून जंतू गिळतात. त्यांच्यावरही थोडे सीडी-४ असते. काही वाण महाभक्षक पेशींत उत्तम वाढत, पण टी-पेशींच्या वंशावर वाढत नसत. प्रयोगशाळेतील नामांकित वाणांचे वर्तन नेमके याच्या उलट होते. दोन्ही पेशींवर सीडी-४ असताना असे का व्हावे, याचा उलगडा केवळ सीडी-४ वरून होणे शक्य नव्हते.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये ईवा मारिया फेन्यो व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, रोगाची लक्षणे तीव्र झालेल्या रुग्णांचे विषाणू वेगाने व विपुल वाढतात, तर लक्षणे सौम्य असलेल्यांचे विषाणू मंद व थोडे वाढतात. अॅम्स्टरडॅम येथे तेर्समेट, मीडेमा व सहकारी यांनी १९८८ मध्ये निराळ्या खुणेवरून वर्गीकरण केले. काही वाण शेजारच्या पेशींना एकत्र जोडून अनेक केंद्रके असलेले मोठे पुंजके बनवितात, काही बनवीत नाहीत. पुंजके बनविणारे वाण रक्तात दिसू लागले की साहाय्यक टी-पेशींची घट वेगाने होते, हे डच संशोधकांनी पुढे अनेक रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून सिद्ध केले.

एकच भेद अशा रीतीने तीन नावांनी नोंदला गेला : मंद व वेगवान, पुंजके न बनविणारे व बनविणारे, महाभक्षक पेशीप्रिय व टी-पेशीवंशप्रिय. प्रत्येक गट आपापल्या कसोटीचे नाव वापरीत असल्यामुळे तिन्ही नोंदी बऱ्याच अंशी एकाच गोष्टीच्या आहेत हे ध्यानात येण्यास विलंब लागला. १९९० व १९९१ मध्ये निरनिराळ्या प्रयोगशाळांनी दोन वाणांच्या जनुकांचे तुकडे अदलाबदल करून पाहिले. जीपी-१२० वरील व्ही-३ नावाच्या एका लहानशा वेटोळ्याची अदलाबदल केली, तरी वाणाची पेशींविषयीची आवड पालटते, असे त्यातून निघाले. कुलूप अज्ञात होते, पण किल्लीचे दात कोठे आहेत हे आता ठाऊक झाले.

१९९३ मध्ये डेव्हिड हो यांच्या न्यूयॉर्क येथील गटाने नुकताच संसर्ग झालेल्या व्यक्तींच्या विषाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांमधील विषाणू पुंजके न बनविणारे व महाभक्षक पेशींत वाढणारे होते. म्हणजे एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणारा वाण हा प्रयोगशाळेत बहुशः न वाढणारा वाण होता.

(४)

या दुर्लक्षाची किंमत उपचारांच्या व लशीच्या प्रयत्नांना द्यावी लागली. १९८७–८८ च्या सुमारास एक कल्पना फार आशादायक वाटली होती. सीडी-४ प्रथिनाचे विद्राव्य रूप तयार करून ते रक्तात सोडावे, म्हणजे विषाणू खऱ्या पेशीऐवजी या फसव्या ग्राह्याला चिकटेल, अशी ती युक्ती होती. पेशीवंशावर वाढविलेल्या वाणांविरुद्ध ती काचपात्रात उत्तम यशस्वी झाली. रुग्णांना ते औषध दिल्यावर मात विषाणूच्या प्रमाणात उल्लेखनीय घट झाली नाही. १९९० मध्ये कारण उघड झाले. रुग्णांच्या रक्तातून थेट घेतलेल्या वाणांना रोखण्यासाठी प्रयोगशाळेतील वाणांच्या तुलनेने शेकडो पटींनी, क्वचित हजारो पटींनी अधिक सीडी-४ लागत होते.

लशीच्या बाबतीत हाच अनुभव अधिक मोठ्या प्रमाणावर आला. पेशीवंशावर वाढलेल्या वाणांच्या जीपी-१२० पासून तयार केलेल्या लशी स्वयंसेवकांना टोचल्यावर त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण झाली, आणि ही प्रतिपिंडे प्रयोगशाळेतील वाणांना निष्प्रभ करीत. रुग्णांकडून घेतलेल्या वाणांपुढे मात्र ती जवळजवळ निरुपयोगी ठरली. लस घेतलेल्यांपैकी काहींना संसर्ग झाल्याचेही दिसून आले. जून १९९४ मध्ये अमेरिकेतील शासकीय संशोधन संस्थेने या लशींची व्यापक चाचणी न करण्याचा निर्णय घेतला. पुढे एका वाणाऐवजी दोन वाणांची प्रथिने घेऊन सुधारलेल्या लशीची पाच हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर चाचणी झाली. २००३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तिनेही संरक्षण दिले नाही. तेव्हा अपयशाचे सारे खापर वाणाच्या निवडीवर फोडणे न्याय्य होणार नाही. विषाणूच्या आवरणावरील शर्करांचे कवच व त्याचे सततचे परिवर्तन ही कारणे तितकीच बलवत्तर आहेत. परंतु सोयीच्या वाणाने दाखविलेल्या यशामुळे ही कारणे उशिरा दृष्टीस पडली, एवढे निश्चित म्हणता येते.

(५)

कोडे सुटले ते दोन भिन्न दिशांनी आलेल्या कामाचा संगम झाल्यामुळे. पहिली दिशा संरक्षक पेशींच्या अभ्यासाची होती. सीडी-८ प्रथिन धारण करणाऱ्या टी-पेशी काही द्रव्ये स्रवून विषाणूची वाढ रोखतात, असे १९८६ मध्येच दिसले होते. डिसेंबर १९९५ मध्ये कोक्की, लुसो, गॅलो व सहकारी यांनी अशा द्रव्यांपैकी तीन ओळखली. ती केमोकाइन वर्गातील लहान प्रथिने निघाली. दाह झालेल्या जागी श्वेतपेशींना बोलावून आणणे हे त्यांचे नित्याचे कार्य. त्यांचा विषाणूशी संबंध कसा, हे त्या वेळी कोणासच सांगता येत नव्हते.

दुसरी दिशा प्रवेशद्वाराच्या शोधाची होती. बेथेस्डा येथील एडवर्ड बर्गर यांच्या प्रयोगशाळेने कोणत्याही प्रथिनाविषयी आधी अंदाज बांधण्याचे सोडून दिले. मानवी पेशीतील जनुकांचा संपूर्ण संग्रह उंदराच्या पेशींत वाटून घालावा, त्यांवर सीडी-४ असावे, आणि विषाणूचे आवरण-प्रथिन धारण करणाऱ्या पेशींशी त्यांची गाठ घालून द्यावी. दोन पेशी एकजीव झाल्या तर निळा रंग उमटावा, अशी त्यांची योजना होती. ज्या पेशी निळ्या झाल्या त्यांतील जनुक शोधून काढले गेले आणि मे १९९६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. या प्रथिनाला प्रथम ‘फ्युसिन’ म्हटले गेले. आज ते सीएक्ससीआर-४ या नावाने परिचित आहे. हे प्रथिन असले की टी-पेशीवंशप्रिय वाण आत शिरत, महाभक्षक पेशीप्रिय वाण शिरत नसत. दहा वर्षे अडचण समजला गेलेला भेद येथे प्रथमच पुरावा म्हणून उभा राहिला.

शिवाय फ्युसिनची रचना केमोकाइनांच्या ग्राही प्रथिनांसारखी होती. ज्यांनी डिसेंबरमधील लेख वाचला होता त्यांना पुढील पायरी तत्काळ दिसली : ती तीन केमोकाइने ज्या ग्राह्याला चिकटतात तेच दुसऱ्या प्रकारच्या वाणांचे द्वार असले पाहिजे. असे ग्राही प्रथिन, सीसीआर-५, नुकतेच वर्णिले गेले होते. जून १९९६ च्या अखेरच्या दिवसांत पाच गटांनी तीन नियतकालिकांतून स्वतंत्रपणे हा तर्क खरा असल्याचे दाखविले. केमोकाइने विषाणूला का अडवितात याचाही खुलासा त्यातच झाला. द्वारात आधीच कोणी उभे असले की विषाणूला वाट मिळत नाही. १९९८ मध्ये जुन्या तिन्ही नावांच्या जागी नवी पद्धत सुचविण्यात आली. सीसीआर-५ वापरणाऱ्या वाणांना आर-५, सीएक्ससीआर-४ वापरणाऱ्यांना एक्स-४ आणि दोन्ही वापरणाऱ्यांना आर-५-एक्स-४ असे म्हटले जाऊ लागले.

(६)

प्रयोगशाळेतील निष्कर्ष मानवी जीवनात किती खरा उतरतो, याची परीक्षा त्याच वर्षी झाली. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी अशा व्यक्तींचा अभ्यास चालविला होता, ज्यांचा विषाणूशी वारंवार संपर्क येऊनही त्यांना संसर्ग झाला नव्हता. त्यांपैकी दोघांच्या टी-पेशी महाभक्षक पेशीप्रिय वाणांना दाद देत नसत, परंतु पेशीवंशावरील वाण त्यांत सुखाने वाढत. ऑगस्ट १९९६ मध्ये कारण सापडले : या दोघांच्या सीसीआर-५ जनुकाच्या दोन्ही प्रतींमध्ये ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला होता आणि प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नव्हते. त्याच सुमारास बेल्जियममधील एका गटाला स्वतंत्रपणे हाच दोष आढळला. सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील एका मोठ्या गटाने १३४३ संसर्गित व ६१२ असंसर्गित व्यक्तींचे जनुक तपासून सांगितले की, दोन्ही प्रती सदोष असलेल्या १७ व्यक्ती मिळाल्या आणि त्या सर्व असंसर्गित होत्या. पुढे अशा काही मोजक्या व्यक्तींनाही संसर्ग झाल्याचे आढळले. तेथे एक्स-४ वाण कारणीभूत होता.

या ज्ञानाचा लाभ उपचारांत झाला. सीसीआर-५ अडविणारे मॅराव्हिरॉक हे औषध २००७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते देण्यापूर्वी रुग्णाच्या शरीरातील वाण कोणते द्वार वापरतो हे तपासावे लागते. कारण एक्स-४ वाणावर त्याचा परिणाम होत नाही. त्याच वर्षी बर्लिन येथे टिमथी रे ब्राउन या रुग्णावर रक्ताच्या कर्करोगासाठी मूलपेशींचे प्रत्यारोपण करताना डॉ. गेरो ह्यूटर यांनी दोन्ही प्रती सदोष असलेला दाता मुद्दाम निवडला. विषाणूविरोधी औषधे बंद केल्यानंतरही विषाणू परतला नाही. २०२० मध्ये ब्राउन यांचा मृत्यू झाला तो कर्करोग उलटल्यामुळे. जर्मनीतीलच दुसऱ्या एका रुग्णावर तशाच प्रकारचे प्रत्यारोपण झाले. त्याच्या शरीरात मात्र सीएक्ससीआर-४ वापरणारा विषाणू वर आल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एक द्वार बंद केले असता दुसरे उघडे राहते, याची ही दोन उदाहरणे परस्परपूरक आहेत.

प्रतिकारक पेशींच्या ऱ्हासाचे चित्रही या भेदामुळे अधिक स्पष्ट झाले. सीसीआर-५ हे प्रामुख्याने पूर्वी रोगजंतूंशी गाठ पडलेल्या, म्हणजे स्मृती बाळगणाऱ्या टी-पेशींवर असते. सीएक्ससीआर-४ हे अद्याप अननुभवी असलेल्या पेशींवरही असते. आतड्याच्या अस्तरात स्मृतिपेशींची गर्दी असल्यामुळे संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच तेथील पेशींचा संहार होतो, असे माकडांतील सजातीय विषाणूच्या अभ्यासातून १९९८ मध्ये आणि मानवी रुग्णांत २००४ मध्ये दिसून आले. ज्या वाणांना पूर्वी ‘मंद’ म्हटले जाई त्यांचे हे कार्य होय. एक्स-४ वाण उशिरा येऊन अननुभवी पेशींचाही साठा लुटतात; परंतु ते न येताही रोग शेवटच्या अवस्थेस जाऊ शकतो. एक्स-४ वाण हे ऱ्हासाचे कारण की ऱ्हासाचा परिणाम, याविषयी मतभेद आहेत.

(७)

हा इतिहास १९९६ मध्ये संपला असे मानणे योग्य होणार नाही. ‘महाभक्षक पेशीप्रिय’ हे नावही काचपात्रातील कसोटीवरून पडलेले होते. नव्या संसर्गाचा आरंभ करणारे विषाणू पुढील काळात नेमके ओळखले गेले तेव्हा असे दिसले की, ते आर-५ असले तरी महाभक्षक पेशींत त्यांतील बहुतेक फारसे वाढत नाहीत. त्यांचे मुख्य लक्ष्य टी-पेशीच असतात. ज्या नावाने एका गैरसमजाचे निरसन केले, त्याच नावाने दुसरा गैरसमज काही काळ जोपासला.

भारताच्या दृष्टीने या कथेला आणखी एक बाजू आहे. येथे संसर्गाची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रास येथे झाली आणि १९९२ मध्ये पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. भारतातील बहुतांश संसर्ग सी उपप्रकाराचा आहे. दक्षिण आफ्रिकेतही तोच प्रबळ असून जगातील जवळजवळ निम्मे संसर्ग त्याचेच आहेत. या उपप्रकारात एक्स-४ वाण तुलनेने कमी आढळतात. उलट, वर वर्णिलेले बहुतेक सारे संशोधन युरोप-अमेरिकेत प्रचलित असलेल्या बी उपप्रकारावर झालेले आहे. सीसीआर-५ मधील ३२ अक्षरांचा जो दोष उत्तर युरोपीय वंशाच्या सुमारे शंभरात एका व्यक्तीस दोन्ही प्रतींत लाभतो, तो भारतीय लोकांत अत्यंत विरळ आहे. सोयीचा वाण सर्वांचा प्रतिनिधी मानल्याने पहिल्या दशकात जी चूक झाली, तिचीच पुनरावृत्ती उपप्रकारांच्या बाबतीत होऊ नये, यासाठी स्थानिक वाणांचे संकलन व परीक्षण आवश्यक ठरते.

१९८४ चे पेशीवंश नसते तर रक्ततपासणी लांबली असती; म्हणून त्यांचा उपयोग करणाऱ्यांना दोष देणे इतिहासाला धरून होणार नाही. दोष असलाच तर तो, गार्टनर, फेन्यो व मीडेमा यांच्या नोंदी हाती असूनही त्यांच्याकडे मूळ प्रश्नाचे उत्तर म्हणून न पाहण्याचा होता. ज्या वाणांना पेशींनी दाद दिली नाही त्यांच्याच अभ्यासातून दुसरे द्वार सापडले. त्या द्वाराचा माग काढण्यासाठी लागणारे पहिले साहित्य दहा वर्षे आधी छापून प्रसिद्ध झालेले होते.